शालनताई आणि त्यांची बिघाडवही

श्रीमती शालिनी धुरी यांना मी पहिल्यांदा भेटलो ते मालवणच्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. अरुंद लाकडी जिना चढून गेलो तर चार टेबले, पाच संगणक आणि खिडकीशी बसून शेवग्याच्या शेंगा मोडणाऱ्या एक बाई. मला वाटले, या ऑफिसात स्वयंपाकाला असतील. मी विचारले, "मॅडम कुठे आहेत?" त्या म्हणाल्या, "बसा. शेंगा झाल्या की मॅडम येतील." शेंगा झाल्या, त्यांनी हात धुतले आणि समोरच्या खुर्चीत येऊन बसल्या. मॅडम त्याच होत्या.

मी धामापूरजवळच्या एका गावातला. घरी भातशेती आणि काजूची बाग. संगणकाची पदविका घेतलेली आणि डोके पुस्तकी उत्तरांनी भरलेले. ताईंनी माझे प्रमाणपत्र बाजूला ठेवले आणि दोन संगणक दाखवले. एकच प्रोग्राम एका संगणकावर चालत होता, दुसऱ्यावर बंद पडत होता. "कारण शोधा," एवढेच सांगितले. मी पंधरा मिनिटे नाना उपाय केले. प्रोग्राम काढला, परत घातला, संगणक बंद केला, चालू केला. शेवटी घाम पुसत म्हणालो, "मॅडम, मला नाही कळत."

तोवर शुद्ध मराठीत बोलणाऱ्या ताई एकदम घरच्या बोलीवर आल्या. "पडद्यार काय लिवलेला आसा ता वाच. मोठ्यान वाच."

मी वाचले. अमुक नावाची फाइल सापडत नाही, असे तिथे स्वच्छ लिहिले होते. फाइल तर होती, पण तिच्या नावातले पहिले इंग्रजी अक्षर कॅपिटल होते आणि प्रोग्राम लहान अक्षरातले नाव शोधत होता. एक संगणक हा फरक मानत नव्हता, दुसरा मानत होता. गेली पंधरा मिनिटे उत्तर माझ्या डोळ्यांसमोर होते आणि मी ते वाचले नव्हते. आता आपण घरी जाणार, हे मी गृहीत धरले. ताई म्हणाल्या, "सोमवारपासून या. ‘मला नाही कळत’ असं म्हणणारा माणूस मला दोन महिने मिळत नव्हता."

आज ताई साठ वर्षांच्या होत आहेत, आणि या गौरवग्रंथासाठी त्यांच्याविषयी लिहायचे म्हणून मी बसलो तेव्हा सर्वांत आधी त्या शेवग्याच्या शेंगा आठवल्या.

ताईंचा जन्म सावंतवाडीचा. वडील तिथे शाळेत गणित शिकवत. ताईंनी पुण्यात बरीच वर्षे सॉफ्टवेअरच्या चाचणीचे काम केले. दुसऱ्यांनी बांधलेल्या प्रोग्राममधले दोष शोधणे हाच त्यांचा व्यवसाय. आईच्या आजारपणासाठी म्हणून त्या सिंधुदुर्गात परत आल्या, आई बरी झाली, आणि ताई इथेच राहिल्या. "हयसर सॉफ्टवेअर कोणाक होया?" असे त्यांना पुष्कळांनी विचारले म्हणे. ताईंनी कोणाशी वाद घातला नाही. आधी दोन दवाखान्यांचे नंबर लावण्याचे काम केले, मग एका शाळेचे, मग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांच्या तिकिटांचे. आणि मग मच्छीमारांच्या संस्थेचे ते काम आले, ज्याच्यामुळे मला आज हा लेख लिहायचा अधिकार आहे, किंवा खरे सांगायचे तर ज्याच्यामुळे माझी नोकरी जायला हवी होती.

त्याआधी ताईंच्या पद्धतीविषयी थोडे सांगतो. आमच्या कामात प्रोग्राम दोन ठिकाणी असतो. एक चाचणीची जागा, तिला आम्ही टेस्ट म्हणतो. तिथे खोटी नावे, खोटे नंबर, काहीही मोडले तरी कोणाचे नुकसान नाही. दुसरी लाइव्ह, म्हणजे जिथे खरी माणसे तो प्रोग्राम खरोखर वापरत असतात. टेस्टवर उत्तम चाललेली गोष्ट लाइव्हवर का अडते, हे शोधण्यात आमचे निम्मे आयुष्य जाते. अशा वेळी बहुतेक जण प्रोग्राम उघडून त्यात डोके खुपसतात. ताई हात मांडीवर ठेवून बसतात आणि विचारतात, "काल चालत होता. मधे काय बदलला?"

हा प्रश्न त्या कुठेही विचारतात. काजूच्या दिवसांत मी दरवर्षी आठ दिवस रजा घेतो. एका वर्षी ताई स्वतः आमच्या बागेत आल्या, साडीचा पदर खोचून दिवसभर बोंडे वेचली. दुपारी बाबांचा पंप सुरू होईना. ताईंनी विचारले, "काल चालत होतो मा? मधे काय बदलला?"

"कायच नाय," बाबा म्हणाले.

"आठवा."

"कायच नाय गो बाय. पंप तोच, विहीर तीच."

ताई नुसत्या थांबल्या. थांबणे ही त्यांची मोठी विद्या आहे. दोन मिनिटांनी बाबा डोके खाजवत म्हणाले, "हां, वायर उंदरान खाल्ल्यान म्हणान सकाळी मी जोडलंय तेवडी." वायर उलटी जोडली होती. त्या दिवसापासून बाबा ताईंना इंजिनियर म्हणतात आणि मला नुसता दीपक.

आता मच्छीमारांच्या संस्थेचे काम. हवामानाचा इशारा आला की संस्थेच्या सगळ्या सभासदांच्या फोनवर एकाच वेळी संदेश जावा, अशी सोय आम्ही करून दिली होती. किनाऱ्याजवळ असलेल्या बोटींना फोनची रेंज मिळते, लांबच्या बोटींना संस्था वायरलेसवरून सांगते. दोन वर्षे हे काम नीट चालले. मग जुन्या फोनांवर मराठी अक्षरे तुटतात अशी तक्रार आली आणि ती दुरुस्ती माझ्याकडे आली.

दिवस स्वच्छ होता, सकाळचे अकरा वाजले असतील. मी टेस्टवर संदेश लिहिला: "समुद्रात वादळ. सर्व बोटींनी ताबडतोब परत यावे." टेस्टवर आमचे बारा खोटे सभासद होते. मी बटण दाबले आणि ‘पाठवले: १२’ असे दिसायची वाट पाहू लागलो. आकडा बारावर थांबला नाही. वीस झाले, साठ झाले, दीडशे झाले. तीनशेच्या पुढे गेल्यावर मला कळले की मी ज्या खिडकीत होतो ती टेस्टची नव्हती. दोन्ही पडदे हुबेहूब सारखे होते. मी ताईंना हाक मारली.

ताई उठून आल्या, पडदा वाचला. "मी संस्थेक फोन करतंय. तू दुसरो मेसेज लिव. ‘आधीचा संदेश चुकीने गेला, वादळ नाही.’ लिव, माका दाखव, मगे पाठव." पाच मिनिटांत खुलासा गेला. पण पाच मिनिटांत जवळच्या बोटींनी जाळी ओढायला घेतली होती, आणि बाबी कुबल या जुन्याजाणत्या तांडेलांनी, म्हणजे बोट चालवणाऱ्या प्रमुखांनी, तर घाईत जाळ्याचा दोर कापून बोट वळवली होती.

ऑफिसात बसून माफीचे पत्र लिहिता आले असते. ताईंनी चपला घातल्या. "चल."

धक्क्यावर तीसचाळीस माणसे जमली होती. समुद्र इतका शांत की बोटींची सावली पाण्यात हलत नव्हती. बाबीकाकांनी आम्हाला पाहिले आणि समुद्राकडे हात केला. "बघा शालनबाय, दर्यो कसो आसा! आणि तुमी सांगतास वादळ. उद्या खरा वादळ इला, तर आमी तुमचा आयकूचा कशाक?"

दोन वर्षांत मिळवलेला विश्वास एका बटणाने गेला होता, आणि पुढचा इशारा कोणी खोटा समजून समुद्रातच थांबला तर काय, हा विचार मला त्या क्षणी पहिल्यांदा आला.

मागून कोणीतरी ओरडले, "बटण कोणी दाबल्यान, ता सांगा आधी!"

"हापिसान दाबल्यान," ताई म्हणाल्या, "आणि हापिस माझा. दोन पडदे एकसारखे दिसत होते. ते वेगळे करूक माका आधीच सुचाक होया होता. ती चूक माझी."

त्या एवढे बोलल्यावर मला गप्प राहता येईना. मी म्हणालो, "बटण मी दाबलंय."

बाबीकाकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "असा? मगे सकाळी ये माझ्यावांगडा, जाळा शोधूक."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या बोटीवर गेलो. जाळ्याच्या तरंगत्या बोयाची लाल खूण दोन तास शोधली आणि सापडली. जाळे वर घेताना माझ्या तळहातांची सालटी निघाली, आणि बाबीकाकांनी डब्यातली अर्धी भाकरी मला दिली. तो हिशेब तिथेच मिटला असे मला वाटते.

ऑफिसात परतलो तेव्हा ताई बिघाडवही लिहीत होत्या. ही शंभर पानी वही त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवली आहे, आता तिचे अकरा भाग झाले आहेत. प्रत्येक बिघाड तिच्यात हाताने लिहिलेला असतो. काय झाले, कसे कळले, कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केले. कोणी केले, असा रकानाच तिच्यात नाही. माझ्या त्या दिवसाच्या नोंदीत, कारणाच्या खाली, ताईंच्या गोल अक्षरांत एवढेच आहे: "टेस्ट आणि लाइव्हचे पडदे सारखे दिसत होते. लाइव्हला लाल पट्टी लावली. लाइव्हवर पाठवताना दुसऱ्या माणसाची परवानगी बंधनकारक केली." मी ती नोंद तीनदा वाचली.

यानंतर दीडदोन महिने गेले. दिवाळी तोंडावर आली होती, सकाळी नऊच्या सुमारास खरा इशारा आला. वारा वाढणार, दुपारनंतर समुद्र खवळणार. संस्थेने बटण दाबले, ताईंनी परवानगी दिली, लाल पट्टीच्या पडद्यावर ‘पूर्ण’ असे उमटले. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला तोच फोन वाजला. बाबीकाकांच्या पत्नी, लीलाकाकी.

"शालन, शेजारणीक मेसेज इलो, माका नाय इलो. असा कसा?"

ताईंनी आधी विचारले, "बाबी खंय आसत?"

"दर्यार."

ताईंचा चेहरा मी पाहत होतो. तो बदलला नाही, पण आवाज हळू झाला. त्यांनी संस्थेला वायरलेसवरून पुकारा करायला सांगितले. आमच्या दोन सहकारी मुलींना सभासदांची यादी देऊन शेवटच्या नावापासून वरच्या दिशेने फोन करायला बसवले. "आधी माणसां. मशीनचा मगे बघू." पाच मिनिटांनी संस्थेचा निरोप आला की बाकीच्या लांबच्या बोटी बोलल्या, पण बाबीकाकांच्या बोटीवरून उत्तर नाही, आणि त्यांचा फोनही लागत नव्हता.

मी टेस्टवर तोच संदेश पाठवून पाहिला. बाराच्या बारा नंबरांना गेला. लाइव्हवर ‘पूर्ण’ दिसत होते, आणि काहींना पोचला होता, काहींना नाही. मी प्रोग्राम उघडून धडाधड वाचू लागलो. ताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "यादीतल्या पयल्याक फोन कर."

पहिल्याला संदेश मिळाला होता. शेवटच्याला नव्हता. "आता मधल्याक." मधल्यालाही मिळाला होता. "म्हणजे खालच्या अर्ध्यात आसा. तेच्या मधल्याक." दर फोनला उरलेली यादी अर्धी होत होती. एक जण फोन उचलेना, तर त्याच्या खालच्याला लावला. बाराव्या फोनला आम्ही एका नावापाशी येऊन थांबलो. त्याच्या वरच्या सगळ्यांना संदेश मिळाला होता, त्याच्या खालच्या एकालाही नाही. नाव होते बाबी कुबल.

"ह्या नावात काय बदलला?" ताई म्हणाल्या.

त्या ओळीत नंबराच्या रकान्यात दोन नंबर होते, मध्ये तिरकी रेघ. संस्थेला विचारले तेव्हा उलगडा झाला. आमच्या त्या खोट्या वादळानंतर बाबीकाका संस्थेत गेले होते, पण आपले नाव काढायला नव्हे. त्यांनी सांगितले होते, "माझो फोन दर्यार लागात, नाय लागात. घरचो पण घाला, बायल माका संस्थेच्या वायरलेसवर कळवीत." कारकुनांनी एकाच रकान्यात दोन्ही नंबर लिहिले. आमचा प्रोग्राम त्या तिरक्या रेघेपाशी अडखळला, तिथेच थांबला आणि वर ‘पूर्ण’ म्हणून मोकळा झाला. आमच्या टेस्टवरचे बारा खोटे सभासद इतके शहाणे होते की त्यांच्यापैकी कोणालाच बायको नव्हती.

मी म्हणालो, "ताई, सरळ लाइव्हवर दुरुस्त करतो. एक ओळ बदलायची आहे."

"नाय. आधी टेस्टवर असोच दोन नंबरांचो माणूस घाल. थय मोडान दाखव. मगे दुरुस्त कर, चलता ता दाखव. मगे लाइव्ह."

"ताई, काका समुद्रात आहेत!"

"म्हणानच," ताई म्हणाल्या. "आता चुकलंव तर परत सांगूक तोंड नाय आपल्याक."

मी टेस्टवर दोन नंबरांचा माणूस घातला. मोडले. दुरुस्त केले. चालले. ताईंनी पडदा दोनदा वाचला, मोठ्याने. लाल पट्टीवर दुरुस्ती चढवली, बाबीकाकांपासून खालच्या सगळ्यांना संदेश सोडला. या सगळ्याला अकरा मिनिटे लागली. आयुष्यात एवढी लांब अकरा मिनिटे मी पाहिलेली नाहीत. खिडकीतून माडांची झावळे हलताना दिसू लागली होती.

ताईंचा स्वतःचा फोन वाजला. त्यांनी तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. इंजिनाचा खडखडाट आणि त्यातून बाबीकाका.

"शालनबाय! ह्यो खरो काय चाचणीचो?"

"खरो. परत ये."

"इलंय बघ," असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांच्या वायरलेसची बॅटरी उतरली होती, आणि फोनला रेंज येताच संदेश पोचला होता. दोन वाजण्याच्या आत बोट धक्क्याला लागली, तेव्हा लाटा धक्क्याच्या पायऱ्यांवर चढत होत्या. लीलाकाकी पदर तोंडात धरून उभ्या होत्या. ताई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या, त्यांचा हात धरला. त्या दिवशी संस्थेची एकही बोट बाहेर राहिली नाही.

मी ताईंना नंतर विचारले की तुम्हाला भीती वाटली नाही का. त्या म्हणाल्या, "वाटली ना. म्हणून तर फोन करत बसले. भीती वाटली की मला प्रोग्राम दिसेनासा होतो, माणसं दिसतात."

संस्थेच्या यादीत आता ‘घरचा नंबर’ असा वेगळा रकाना आहे. आमच्या टेस्टवरचे सभासदही आता बारा राहिले नाहीत. त्यांच्यात दोन नंबरांचे लोक आहेत, नंबरात मोकळी जागा सोडणारे आहेत, नावाआधी ‘कै.’ लिहिलेले एक आजोबाही आहेत. ताई म्हणतात, खऱ्या यादीत जेवढे नमुने, तेवढे खोट्यात हवेतच.

ताईंचे दोष सांगितल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. त्या हट्टी आहेत. नवा फोन घेत नाहीत. कोणी "आपोआप बंद पडला" असे म्हटले की त्यांचा पारा चढतो, आणि अशा वेळी समोर ग्राहक आहे की कर्मचारी हे त्या पाहत नाहीत. पण माझ्या बहिणीला परीक्षेचा फॉर्म भरता येईना तेव्हा याच ताईंनी दोन दुपारी तिच्याशेजारी बसून तिला स्वतःच्या हाताने भरायला लावला. भरून दिला नाही. ती आज सावंतवाडीत एका शाळेत मुलांना संगणक शिकवते.

आणि गेल्या महिन्यातली गोष्ट. इतकी वर्षे बोटींसाठी काम करून ताई कधी मासेमारीच्या बोटीवर चढल्या नव्हत्या, कारण त्यांना होडीतसुद्धा मळमळते. साठीच्या आधी एकदा जाणारच, असे त्यांनी जाहीर केले. बाबीकाकांनी नेले, लीलाकाकी सोबतीला गेल्या. तीन तासांनी ताई परत आल्या त्या लिंबासारख्या पिवळ्या होऊन. पायरीवर बसल्या, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "दीपक, लिहून घे. उन्हात आपली अक्षरे दिसत नाहीत. ओल्या अंगठ्याने बटण दाबले जात नाही. आणि पडद्यावर बांगड्याचे खवले चिकटले की ‘परत या’मधला ‘या’ झाकला जातो." काकी हसून हसून बेजार. "सगळा पोटातला भायर टाकल्यान," त्या म्हणाल्या, "पण फोन काय खाली ठेवूक नाय!"

ताई, तुमच्या साठाव्या वर्षी तुमच्या सर्व सहकाऱ्यांच्या, दवाखान्यांतल्या, शाळांतल्या आणि धक्क्यावरच्या तुमच्या माणसांच्या वतीने हात जोडून एवढेच मागतो. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि शंभरी गाठेपर्यंत तुमच्या वाट्याला बिघाड येत राहोत, कारण त्यांच्यावाचून तुम्हाला करमणार नाही. ते फक्त लहान असोत, दिवसाउजेडी येवोत आणि चहा निवायच्या आत सुटोत. पुढच्या खेपेला बोटीवर जाल तेव्हा आल्याची वडी तोंडात ठेवा. काकींनी एक डबा भरून दिला आहे, तो तुमच्या टेबलावर आहे.